एका दिवसाची मुख्याध्यापिका

१ सप्टेंबर

शाळा सुरू झाली. अंगणात फुले, गाणे, भाषणे, सगळे नेहमीप्रमाणे. पहिलीत गेल्या वर्षीपेक्षा कमी मुले. मी थोडक्यात बोलले. मारेक लांबला. तो आता आमच्या परिसराच्या परिषदेचा अध्यक्ष आहे. माझ्या हाताखाली शिकत होता तेव्हाही त्याला निबंध आवरता येत नसे.

समारंभानंतर तो माझ्या खोलीत आला, दार लावून घेतले आणि उभ्यानेच सांगितले की आमचे वरचे वर्ग, म्हणजे दहावी ते बारावी, पुढच्या वर्षापासून बंद करण्याचा प्रस्ताव आहे. मुलांनी जिल्ह्याच्या गावी नव्या सरकारी शाळेत जायचे. परिषद नोव्हेंबरात मत देणार, त्याआधी शाळेने आपले मत कळवायचे. सभासद निम्मे इकडे, निम्मे तिकडे.

मी विचारले, "आणि तू?"

"बाई, मी तुमचा विद्यार्थी आहे."

हे काही उत्तर नव्हे. पण मी ते ठेवून घेतले.

तिन्ही वर्गांत मिळून एकतीस मुले उरली आहेत, मान्य. तरी सोरुमेची ही शाळा माझ्या आधीच्यांनी दोन राजवटी आणि एक युद्ध निभावून चालवली. माझ्या हातून ती अर्धी होणार नाही.

४ सप्टेंबर

मार्ग सापडला. गेल्या वर्षी आम्ही शाळांच्या तुलनेच्या ज्या प्रकल्पात नाव नोंदवले तो आता कामाला येईल. तीन देशांतल्या तीन शाळा: डेन्मार्कमध्ये ओडेन्सची, इटलीत फेराराची आणि एस्टोनियातून आमची. मुलांना सक्रिय नागरिक कोण कसे घडवते, ते एकमेकांकडे जाऊन पाहायचे आणि मिळून अहवाल लिहायचा. या महिन्यात मी दोन्हीकडे जाणार, ऑक्टोबरात ते इकडे येणार. नागरिकशास्त्रात आमची मुले पक्की आहेत, मी स्वतः शिकवते. अहवालात सोरुमेचे नाव वर आले, तर वरचे वर्ग बंद करायला कोणाचा हात वर होईल?

शिक्षकांच्या खोलीत हे सांगितले. हाइनो गणित शिकवतो, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा आहे आणि त्याच्या तोंडाला कधीच कुलूप नव्हते. म्हणाला, "म्हणजे उर्वे, तू लोकशाहीत पहिला नंबर काढायला निघालीस."

मी म्हटले, हो.

११ सप्टेंबर, ओडेन्स

यजमान लोने नावाची बाई. चाळिशीची, सायकलवरून येते, मुले तिला नावाने हाक मारतात.

पाचवीचा वर्ग पाहिला. आठवड्यातून एक तास वर्गाचा स्वतःचा असतो. त्या दिवशी ज्याची पाळी त्याने घरून केक करून आणायचा. तो खात खात मुलांनी भांडण सोडवले: सहावीची पोरे मैदान अडवून बसतात, काय करायचे. एकाने शिक्षिकेला सांगितले, तू मध्ये बोलू नकोस. ती बोलली नाही. शेवटी दोघींना सहावीशी बोलणी करायला पाठवायचे ठरले.

नंतर मी लोनेला विचारले, नागरिकशास्त्राचा धडा कधी होता. ती म्हणाली, हाच. मग मी मुलांना विचारले की तुमच्या संसदेत किती सभासद असतात. दोघांना सांगता आले. आमच्या पाचवीला झोपेतून उठवून विचारा.

केक बरा होता. मध्ये किंचित कच्चा.

२५ सप्टेंबर, फेरारा

इथला मुख्याध्यापक एत्तोरे. बारीक, दमलेला, भला माणूस. वरच्या वर्गांतल्या मुलांना महिन्यातून एकदा तास बुडवून स्वतःची सभा भरवायचा हक्क आहे, कायद्यानेच. मी ती पाहिली. निम्मी मुले मागच्या मागे कॉफी प्यायला पळाली. उरलेली एकाच वेळी बोलत होती. हिवाळ्यात तर म्हणे ती चक्क शाळा ताब्यात घेतात, आत झोपतात. मी विचारले, मग तुम्ही काय करता? तो म्हणाला, "स्वेटर घालतो आणि वाट बघतो."

एक गोष्ट मात्र डोळ्यांसमोरून जात नाही. सभेच्या मध्यावर एक मुलगी उठली आणि म्हणाली, आता मुख्याध्यापकांनी बाहेर थांबावे. हा उठला आणि गेला. दाराबाहेर भिंतीला टेकून उभा राहिला, निरोप आणणाऱ्या शिपायासारखा. मी त्याच्याकडे बघायचे टाळले.

दोन्हीकडे पाहून झाले. एकीकडे केक, दुसरीकडे गोंगाट. आमच्याकडे ज्ञान आहे आणि शिस्त आहे. अहवालातला माझा भाग विमानातच लिहून काढीन.

१ ऑक्टोबर

बारावीला दोन्ही शाळांचा वृत्तान्त सांगितला, फेराराच्या दाराबाहेरच्या प्रसंगासकट. मुले हसली. मग विषय दिला: आपले वरचे वर्ग का टिकले पाहिजेत. चर्चा उत्तम झाली. सगळ्यांचे मुद्दे नेमके, मी मागच्या आठवड्यात सांगितले होते त्याच क्रमाने.

केर्तूने हात वर केला. बारावीतली सर्वांत हुशार मुलगी. तिने विचारले, "बाई, विरुद्ध बाजू कोणी मांडायची?"

मी म्हटले, आज वेळ कमी आहे, त्याची गरज नाही. ती खाली बसली. शिस्तीची मुलगी, पण अलीकडे घुमी झाली आहे. घरी काही असेल.

पाहुणे परवा येतील. त्यांच्यासमोर हीच चर्चा पुन्हा घ्यावी का?

५ ऑक्टोबर

नीट, क्रमाने लिहिते.

आज शिक्षकदिन. आमच्याकडे या दिवशी शाळा बारावीच्या ताब्यात असते. तीच शिकवते, तीच शिक्षकांना बाकांवर बसवते, आणि त्यांच्यातला एक जण मुख्याध्यापक होतो. सकाळी सभागृहात मी किल्ल्या दिल्या आणि दरवर्षीचे वाक्य म्हटले, "आजच्या दिवसापुरती शाळा तुमची. तुम्ही ठरवाल तेच शाळेचं मत." हे म्हणायचे असते म्हणून म्हणतात. त्या मतातून आजवर आइस्क्रीम निघाले आहे, नाही तर हाइनोच्या उठाबशा.

यंदा किल्ल्या केर्तूने घेतल्या. करडे जाकीट, केस मागे घट्ट बांधलेले, चष्मा दोरीने गळ्यात. मला वाटले होते माझी नक्कल अधिक खोचक करतील. ती नुसती चालत आली आणि सभागृह आपोआप गप्प झाले. लोने हसली. हसण्यासारखे त्यात काय होते, मला कळले नाही.

दुसऱ्या तासानंतर केर्तूने आठवी ते बारावीला सभागृहात बोलावले. मागोमाग आम्हीही गेलो. ती म्हणाली, "शिक्षकांनी आणि पाहुण्यांनी बाहेर थांबावं." मग माझ्याकडे वळून, "बाई, तुम्हीसुद्धा."

मला वाटले, आत काही गंमत शिजते आहे. बाहेर थांबले. व्हरांड्यात कॉफी आणि मनुकांचा क्रिंगेल, आमचा वेणीसारखा गोड पाव, मांडलेला होता. हाइनोने त्याचा तिसरा तुकडा घेतला तोवर एत्तोरेने मला खुर्ची आणून दिली. म्हणाला, पहिल्यांदा जड जातं, पुढच्या खेपेला पुस्तक घेऊन या. मी म्हटले, मला काही जड गेलेले नाही. आतून आरडाओरडा ऐकू येत नव्हता. याचा मला अभिमान वाटला आणि तसे मी लोनेला बोलून दाखवले.

दार उघडायला तास लागला. आम्हाला आत बसवून केर्तूने वाचून दाखवले: "शाळेचं मत. वरचे वर्ग पुढच्या वर्षापासून बंद करावेत. सकाळची बस आणि लांबच्यांसाठी वसतिगृह, या दोन अटींवर. पहिली ते नववी सोरुमेतच राहावी." मतदान चिठ्ठ्यांनी झाले होते. दोनतृतीयांशांहून जास्त बाजूने.

खरे लिहायचे तर टाळ्या पहिल्यांदा मीच वाजवल्या. मला वाटले हे नाटक आहे. आता कोणीतरी उठून उलट बाजूचे भाषण करील आणि शेवटी सगळे मिळून शाळेचे गाणे म्हणतील. कोणी उठले नाही.

तीन वाजता केर्तूने किल्ल्या परत केल्या, आभार मानले, गेली. चार वाजता कार्यालयातली लेखनिक टीयू म्हणाली की मत परिषदेला पाठवून झाले.

मी विचारले, "कोणाला विचारून?"

"मुख्याध्यापिकांना."

"मुख्याध्यापिका मी आहे, टीयू."

"तीन वाजेपर्यंत नव्हतात, बाई. तुम्हीच सकाळी सगळ्यांसमोर सांगितलंत. आणि परिषदेने शाळेचं मत मागवलं होतं, त्याची मुदत आजचीच."

टीयू कित्येक वर्षे माझ्यासोबत आहे. सांगितलेला शब्द न् शब्द पाळते. आजवर मी हा तिचा गुण समजत होते.

६ ऑक्टोबर

सकाळीच मारेकचा फोन. "बाई, हे खरं धरायचं की गंमत?"

मी म्हटले, मला विचार करू दे. तो म्हणाला, करा, पण एक सांगून ठेवतो. हे मत खरे धरले, तर काठावरचे सभासद पलीकडे जातील. मुलांनाच नको असेल तर आम्ही कशाला भांडू, असे म्हणतील. गंमत होती म्हणालात, तर ते कागद बाजूला ठेवता येतील आणि वर्ग राहतील. "एक वाक्य पुरे आहे, बाई. सभेत, नोंदीसाठी."

म्हणजे सगळे माझ्या एका वाक्यावर आले. ठीक आहे. वाक्य म्हणणे मला जड नाही.

८ ऑक्टोबर

केर्तूला बोलावून घेतले. ती समोर बसली, हात गुडघ्यांवर. मी सरळ विचारले की हे तू कोणाच्या सांगण्यावरून केलेस.

"कोणाच्याच नाही, बाई."

"तू यंदा बारावी होऊन जाणार. तुला काय फरक पडतो?"

"म्हणूनच मी केलं. माझा फायदा नाही, तर मला कोणी बोलणार नाही."

मग तिने सांगितले. पदार्थविज्ञानाचे शिक्षक फक्त बुधवारी येतात. रसायनशास्त्र ती संगणकाच्या पडद्यावर शिकते, एकटी, कारण तो विषय तिच्या वर्गात आणखी कोणी घेतलेला नाही. शंका आली तर लिहून ठेवायची, उत्तर चार दिवसांनी. तिला वैद्यकीला जायचे आहे. हे सगळे मला ठाऊक होते. वेळापत्रक मीच लावते. पण वेळापत्रकात ते वेगळे दिसते.

मी बसचे सांगितले, हिवाळ्यातल्या काळोखाचे सांगितले. सोळा वर्षांची मुले गावातून गेली की परत येत नाहीत, हे सांगितले.

"मग गाव का टिकत नाही ते गावाने बघावं ना, बाई. आम्ही अकरावीत बसून गाव धरून ठेवायचं का?"

"हे आधी माझ्याशी बोलायचं होतंस."

"तुमच्याशी?" ती म्हणाली. "तुम्हीच शिकवलंत, ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांना आधी विचारायचं. आम्हाला कोणी विचारलं नव्हतं. तुम्हीपण नाही. वर्ग का टिकले पाहिजेत, एवढंच तुम्ही विचारलंत."

मी तिला जायला सांगितले. जाताना तिने खुर्ची जागेवर सरकवली, दार आवाज न करता लावले. इतकी हट्टी मुलगी माझ्या पाहण्यात नाही. कोणावर गेली आहे कोण जाणे. आई तर अगदी मऊ स्वभावाची.

१२ ऑक्टोबर

पावसाने पाने झोडपून काढली. दिवसभर शाळेच्या बॉयलरमागे माणसे लावली होती.

हाइनोला मारेकच्या फोनचे सांगितले. तो म्हणाला, "मग म्हण ना गंमत होती. कोणाला वाईट वाटणार नाही. पोरांना सवय आहे."

"कशाची सवय?"

त्याने कोट चढवला. म्हणाला, घरी बटाटे निवडायचे पडलेत, आणि गेला.

खरे तर गंमतच होती. प्रथा गमतीची आहे. ती म्हणून कोणी खोटे ठरत नाही. उद्या एखादा एका दिवसाचा मुख्याध्यापक शाळा विकायला काढील, ती विकायची का? असा मुद्दा सभेत मांडता येईल. चांगला मुद्दा आहे. दुपारपासून मी तो घासूनपुसून ठेवते आहे आणि प्रत्येक वेळी समोर केर्तू रसायनशास्त्राच्या पडद्यापुढे बसलेली दिसते. याचा मुद्द्याशी काही संबंध नाही.

१८ ऑक्टोबर

लोनेने अहवालाचा कच्चा मसुदा पाठवला. आमच्या शाळेविषयी: तिन्हींत मुलांचे ज्ञान इथे सर्वांत पक्के. मी म्हटलेच होते. त्याखाली: "प्रश्न विचारला की मूल आधी मुख्याध्यापिकेकडे पाहते, मग उत्तर देते."

मी लगेच लिहिले की असे काही नाही, वाक्य काढावे.

दुपारी जेवणघरात दहावीच्या एका मुलाला विचारले, सूप कसे आहे. त्याने स्वयंपाकिणीकडे पाहिले, मग माझ्याकडे. म्हणाला, चांगलं आहे, बाई. अर्धी वाटी तशीच होती. मी ती संपवायला सांगितली. त्याने संपवली.

मसुद्याच्या शेवटी लोनेने जागा रिकामी ठेवली आहे. तिचे म्हणणे असे: ओडेन्सची मुले मैदान ठरवतात, फेराराची मुले ओरडतात, सोरुमेत मुलांनी घेतलेला निर्णय हा एकच असा, की ज्यात मोठ्यांना काही गमवावे लागले असते. तो मोठ्यांनी पाळला की नाही ते कळल्यावर ही जागा भरू. म्हणजे अहवालात नाव वर आणायचे तर वर्ग गमवायचे, आणि वर्ग राखायचे तर नाव. मी याच्या नेमके उलटे गृहीत धरून निघाले होते.

वाक्य काढण्याविषयीचा मजकूर मात्र मी परत घेतला नाही.

२ नोव्हेंबर

थडग्यांवर मेणबत्त्या लावून आले. वारा फार, दोनदा विझल्या. माझ्या आधीच्या मुख्याध्यापकांच्याही थडग्यावर लावली. त्यांनी सोव्हिएत काळात वरून आलेली किती मते शाळेचे मत म्हणून कळवली असतील. मुलांनी टाळ्या वाजवायच्या, मत आधीच टंकलेले असायचे. मीही त्या टाळ्यांतली एक होते. पदवी घेऊन परत आले तेव्हा ठरवले होते की माझ्या वर्गात असे होणार नाही.

सभा चौदाला आहे. मी अजून मारेकला काही कळवलेले नाही. मला इतका वेळ कधी लागत नाही.

९ नोव्हेंबर

आज मार्दीची संध्याकाळ, हिवाळ्याच्या तोंडचा सोंगांचा सण. काळे कपडे, उलटे कोट, काजळी फासलेली तोंडे, मुखवटे. मुले घरोघर जाऊन गातात, घराला बरकत मागतात, सफरचंद, खाऊ घेऊन जातात. माझ्या दाराशी सहसा कोणी येत नाही. मी दरवर्षी सफरचंदांची टोपली भरून ठेवते आणि नंतर आठवडाभर त्यांचा मुरंबा करते.

यंदा आले. पाच जण. गाणे चुकीच्या पट्टीत सुरू केले आणि तसेच रेटले. बुटांवरून सगळे ओळखले, नववीचे. पण मार्दीच्या मुखवट्याला नावाने हाक मारायची नसते. मी त्यांना आत घेतले, धान्य उधळू दिले, कोडी घातली. मला कोड्यांची उत्तरे पटापट मिळाली. वर्गात हीच मुले मुकी असतात.

निघताना त्यांतला एक, लोकरीची दाढी लावलेला, म्हणाला, "घरधनीणबाई, एक सांगू का? त्या दिवशी सभेत पहिलं मतदान वेगळंच होतं."

"कशाचं?"

"तुम्हाला सांगायचं की नाही याचं. खूप जण म्हणत होते, राहू दे, बाईंना लागेल. वर्ग राहिले तर राहिले. आम्ही इथेच शिकू."

दुसरा मुखवटा म्हणाला, "दोघी रडल्या पण." तिसऱ्याने त्याला ढोसले.

"मग?"

"मग केर्तू म्हणाली, खोटं मत दिलं तर बाईंना जास्त लागेल. थोडक्यात जिंकली ती."

मी त्यांना सफरचंदे दिली, सगळी टोपली. सांगितले की कोटांना चमकपट्ट्या दिसत नाहीत, कोट उलटे घातले तरी पट्ट्या बाहेर काढा, रस्त्यावर गाड्या आहेत. त्यांनी काढल्या. फाटकापर्यंत मला त्या दिसत होत्या, मग वळणावर गेल्या.

एकतीस मुलांना इथे बसवून ठेवणे मला जमले असते. त्यांनीच बसून दाखवले असते, माझ्यासाठी. हे मला मुळीच आवडलेले नाही.

१० नोव्हेंबर

केर्तूला निरोप दिला: चौदा तारखेला संध्याकाळी पाच वाजता माझ्या गाडीपाशी. नीट कपडे. मुद्दे तीनच.

१४ नोव्हेंबर

परिषदेचे दालन भरले होते. पालक भिंतींना टेकून उभे. मारेकने नियमाप्रमाणे मला उभे केले.

"मुख्याध्यापिकाबाई, नोंदीसाठी विचारतो. पाच ऑक्टोबरचं मत प्रथेच्या खेळाचा भाग होतं का?"

"नव्हतं."

त्याने माझ्याकडे असे पाहिले, की जणू फळ्यावर चुकलेले गणित पुसायची संधी देतो आहे. "बाई, जरा आठवून सांगा."

"मारेक, मला विसरायची सवय नाही. शाळा त्या दिवशी त्यांची आहे असं मी म्हटलं होतं. त्यांनी मतदान केलं. ते शाळेचं मत आहे."

दालनात कुजबुज झाली. मागून हाइनोचा खोकला ऐकू आला. मोठ्याने हसू नये म्हणून तो खोकतो.

मग मी म्हटले की आता माझे स्वतःचे मत सांगते, आणि ते विरुद्ध आहे. बसविषयी बोलले, गावाविषयी बोलले, सोळाव्या वर्षी घर सोडण्याविषयी बोलले. चांगले बोलले. त्या दोन महिन्यांत घासलेला एकही शब्द वाया घालवला नाही, फक्त तो गमतीचा मुद्दा सोडून. शेवटी सांगितले की माझा उरलेला वेळ मी केर्तूला देते.

एका सभासदाने हरकत घेतली की विद्यार्थिनीला बोलायचा अधिकार नाही. मी म्हटले, वेळ माझा आहे, मी तो कसा खर्च करायचा हे तुम्ही नियमात दाखवा. त्याला दाखवता आले नाही. नियम मी काल वाचून ठेवले होते.

केर्तू उठली. पहिला मुद्दा चांगला, दुसरा लांबला, तिसऱ्याला आवाज किंचित कापला. तिने रसायनशास्त्राचे सांगितले, वसतिगृहाचे सांगितले. दूध संघातला म्हातारा सभासद म्हणाला, "पोरी, तुम्ही गेलात की गाव ओस पडेल, त्याचं काय?"

ती म्हणाली, "आजोबा, मुलं दहावीसाठी जातायत, कायमची नाहीत. पण परत यायला कारण पाहिजे. वर्गात दहाच जण आहोत म्हणून कोणी परत येत नाही."

दोन मतांनी प्रस्ताव मंजूर झाला. वरचे वर्ग पुढच्या शालेय वर्षापासून बंद. बस आणि वसतिगृह, दोन्ही अटींसकट.

परतताना धुके दाट होते. मी सावकाश चालवत होते. केर्तू म्हणाली, "बाई, माझ्याविरुद्ध तुम्ही फार चांगलं बोललात."

"तूही बरी बोललीस. दुसरा मुद्दा ताणलास."

"हो. कळलं मला."

तिच्या घरापाशी मी गाडी थांबवली. ती उतरली, मग पुन्हा वाकून आत पाहिले, काही बोलणार होती. मी सांगितले, उद्या पहिला तास आहे, झोप. ती गेली. मी काही वेळ तिथेच गाडी उभी ठेवली, धुके जरा विरळ व्हावे म्हणून.

१५ नोव्हेंबर

लोनेला दोन ओळी कळवल्या. तिचे ते वाक्य, मुलांच्या पाहण्याचे, राहू द्या म्हणून लिहिले.

पहिला तास नववीवर. पुढच्या वर्षी जिल्ह्याच्या गावी जाणारी पहिली तुकडी हीच. बसचे वेळापत्रक परिषदेने सकाळीच पाठवले होते, मी ते वाचून दाखवले. सोरुमेहून सव्वासहा. लांबच्या शेतांवरून त्याहून आधी.

मग खिडकीजवळच्या मुलाने हात वर न करता म्हटले, "सव्वासहा कोणी ठरवलं?"

मी म्हटले, परिषदेने.

"आम्हाला विचारलं नाही." त्याने माझ्याकडे पाहिले नाही, कागदाकडे पाहिले. "बाई, हे बदलायला कोणाला भेटायचं?"

"अध्यक्षांना. पुढच्या गुरुवारी त्यांची वेळ आहे. किती वाजता हवी, कोण बोलणार, ते आधी ठरवा."

एक मुलगी म्हणाली, पावणेसात. दुसरा म्हणाला, तेव्हा मी गायींपाशी असतो, सात पाहिजे. तिसरीने दोघांनाही मूर्ख म्हटले. मागच्या बाकावरचा फळ्याकडे निघाला, परवानगी न विचारता, आणि सगळ्यांची घरे खडूने काढू लागला. एकाच वेळी सातआठ जण बोलत होते. मी गप्प करायला तोंड उघडले आणि मिटले. मग खिडकीपाशी जाऊन खुर्चीत बसले.

तास संपला तरी त्यांचे ठरले नव्हते. दाराशी आठवी येऊन उभी राहिली. आतले कोणी जागचे हलले नाही.